सत्तेचाळिसाव्या पानावरची आजी

नलूमावशी,

तुम्ही जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी वाद घालतोच आहे. गाडी चालवताना, भांडी डिशवॉशरमध्ये लावताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणीतरी तक्ते दाखवत असताना. तुमची बाजूही मीच मांडतो आणि ती मांडताना तुमच्यासारखा चष्मा कपाळावर सरकवतो. बायको म्हणते, ओठ हलतात तुमचे. हलू देत. सहा वर्षं आपण एकच वाद घातला. तो तुम्ही अर्धवट टाकून गेलात, आणि आता माझी बाजू इतकी लंगडी पडली आहे की ती तुमच्याशिवाय कोणाला सांगावी हेच कळत नाही.

वाद एका चित्राचा होता.

माझे वडील परभणीला शाळामास्तर. रशियन पुस्तकांचं प्रदर्शन गावात आलं की ते सायकलवरून जाऊन यायचे. मी दुसरीत असताना त्यांनी माझ्यासाठी एक पुस्तक आणलं. जाड गुळगुळीत कागद, डिंकाचा वास आणि अगदी शुद्ध मराठी बोलणारी अस्वलं. त्यातल्या एका गोष्टीत अस्वलाचं पिल्लू दात घासायला तयार नसतं आणि आई त्याची समजूत काढते. या गोष्टीच्या मधोमध, काही संबंध नसताना, एक पानभर चित्र होतं. गोठलेल्या नदीवर खुर्ची टाकून एक आजी बसली आहे. पायाशी बर्फात भोक पाडलेलं. त्या भोकातून तिने दोरीला बांधून एक घंटा पाण्यात सोडली आहे.

त्या आजीने माझं बालपण खाल्लं. अस्वलाच्या दातांशी तिचा काय संबंध? मी वडिलांना विचारलं, बाईंना विचारलं, धाकट्या भावाला दम देऊन विचारलं. शेवटी मीच गोष्ट केली: ही माशांच्या शाळेची शिपाईण आहे, घंटा झाली की मासे वर्गात जातात. पुढे इंजिनियर झालो, मिशिगनला आलो, ॲन आर्बरमध्ये घर घेतलं, केस गेले. पुस्तक मात्र बॅगेतून बॅगेत माझ्याबरोबर आलं.

मग सहा वर्षांपूर्वी तुमच्या शैलाकडे गणपतीची आरती झाल्यावर मी हातात प्रसादाची वाटी घेऊन उभा होतो आणि कोणीतरी ओळख करून दिली, "या शैलाच्या आई. मॉस्कोला होत्या एकोणीस वर्षं, भाषांतरं करायच्या." मी पुस्तकाचं नाव सांगितलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "अरे देवा. ते दात घासणारं अस्वल तू वाचलंस?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन हजर. तुम्ही ते चित्र कितीतरी वेळ बघत बसलात. मग उठून स्वयंपाकघरातला नळ सोडलात आणि बोलायला लागलात. शैला वैतागून म्हणाली, "आई, पाणी वाया जातंय. इथे कोण ऐकतंय?" तुम्ही म्हणालात, "सवय आहे गं. नळ चालू असला की मला खरं बोलता येतं."

त्या दिवशी कळलेली हकीकत अशी. रंगीत चित्रं सगळ्या भाषांसाठी एकदमच छापून व्हायची, आणि मजकुराची काळी अक्षरं नंतर भाषेभाषेप्रमाणे त्यावर चढवायची. आजीची गोष्ट तुम्ही मराठीत आणली होती, ती छापायलाही निघाली होती. तेवढ्यात तिच्या लेखकाने एका अडचणीत आलेल्या मित्राच्या बाजूने पत्रावर सही केली. आठवड्यात त्याचं नाव सगळीकडून गेलं. गोष्टीत आक्षेपार्ह काय होतं, मी विचारलं. "काही नाही रे. गोष्टीत काहीच नव्हतं, गोष्टीवर नाव होतं." वरून हुकूम आला, ही काढा आणि त्या मापाची दुसरी घाला. म्हणून अस्वलाला दात घासावे लागले. कोणत्या पानावर काय जाईल याची चिठ्ठी छापखान्याला तुम्ही पाठवायच्या. त्या चिठ्ठीवर "हे चित्र काढावे" असं लिहायचं होतं. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मी उडालोच. म्हटलं, मावशी, म्हणजे तुम्ही मुद्दाम ठेवलंत! अख्ख्या सरकारच्या नाकावर टिच्चून!

"नाही. घाई होती," तुम्ही म्हणालात. "शैलाच्या वडिलांना, अण्णांना ताप होता, तिला शाळेतून आणायचं होतं. विसरले."

हा आपला वाद. मला तुम्ही शूर हव्या होतात. परभणीच्या त्या पोराने इतकी वर्षं जपलेलं चित्र नुसत्या विसरभोळेपणातून आलं, हे मला पटेना. दर शनिवारी चहाला येऊन मी नव्या बाजूने सुरुंग लावायचो. तुम्ही चकल्यांचा डबा पुढे सरकवून म्हणायच्या, "खा. आणि विसरले म्हटलं ना."

मी हट्टाला पेटलो की तुम्हाला टोचायचो, हेही आज कबूल करतो. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या वाचनगटात, वीस माणसांसमोर मी विचारलं, "पण मावशी, एकोणीस वर्षांत तुम्ही एकदा तरी 'नाही' म्हणालात का?" बोलायला मी मोकळाच होतो. पदरी पक्की नोकरी, खिशात अमेरिकेचा पासपोर्ट. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिथे लेखकाला घर सरकार द्यायचं, कागद सरकार द्यायचं आणि वाचकही सरकारच द्यायचं. सगळे भ्याड नव्हते, सगळे शूरही नव्हते. बहुतेकांना संध्याकाळी घरी जाऊन सूप करायचं असायचं." लोक हसले. मी हसलो नाही. मला ती पळवाट वाटली. निघताना तुम्ही माझ्या दंडाला धरून म्हणालात, "आणि परभणीच्या मुलाच्या हातात चार रंगांत छापलेलं पुस्तक त्याच सरकारने ठेवलं होतं. लिहिशील तेव्हा तेही लिही." लिहिलं, मावशी.

मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन माझ्या गळ्यात पडलं तेव्हा प्रुफं तपासायला तुम्हीच शिकवलंत. तुमची ती लाल पेन्सिल. शब्द काढायचा तर असा, जोडायचा तर असा. आणि खोडलेला शब्द पुन्हा ठेवावासा वाटला तर त्याच्याखाली टिंबं टिंबं द्यायची, म्हणजे 'राहू द्या'. "ही खूण मला सगळ्यात आवडते," तुम्ही म्हणायच्या, "पण तिकडे वापरायची वेळ फार क्वचित आली."

या वर्षी मीच तुमच्या मागे लागलो. आजीची गोष्ट लिहून द्या, आठवेल तशी, आणि ती कशी काढली तेही लिहा. तुम्ही दोन महिने लावलेत. सप्टेंबरात एकरेघी कागदावर लिहिलेली नऊ पानं माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "नीट वाच. घाईत वाचू नकोस."

मी घाईत वाचलं.

गोष्ट सुंदर होती. नदीला वसंत आल्याचं कळत नाही म्हणून आजी पाण्यात घंटा वाजवून तिला उठवायला बसते. गावकरी म्हणतात, घरी चल, ती आपली आपण उठेल. आजी म्हणते, उठेल हो, पण उठल्यावर समोर कोणीतरी बसलेलं नको का? गोष्टीआधी तुमचं तीन पानी निवेदन होतं आणि त्याच्या शेवटी दोन वाक्यं: "इथली शिकणारी मुलं हल्ली मला विचारतात, विमानतळावर तपासणीला जाण्याआधी फोनमधलं काय काय पुसावं. मला त्याचं उत्तर येतं, याचंच वाईट वाटतं."

अंकाची सहसंपादक मृण्मयी. इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी, नागपूरची, हुशार पोरगी, तुमची लाडकी. तिने ती दोन वाक्यं वाचून मला फोन केला. "काका, प्लीज, अंकावर माझं नाव आहे. डिसेंबरमध्ये इंडियात व्हिसा स्टॅम्पिंग आहे माझं. काही होणार नाही कदाचित, पण मला चान्स नाही घ्यायचा यार. मावशींना नका ना सांगू मी असं म्हटलं ते. त्यांना काय वाटेल?"

तिचं काही चुकलं नाही. पाच वर्षांचं काम एका खिडकीतल्या माणसाच्या मर्जीवर टांगलेलं असताना तिने शूर व्हावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? तिचं नाव अंकावरून काढता आलं असतं. तुमच्याकडे येऊन खरं सांगता आलं असतं. तुम्ही स्वतःच लाल पेन्सिल उचलली असतीत, मला खात्री आहे. पण दोन वाक्यं काढा असं सांगायचं म्हणजे का ते सांगायला हवं, आणि सहा वर्षं तुम्हाला धैर्यावर व्याख्यानं देऊन मला ते तोंडावर सांगायची लाज वाटली. म्हणून मी अख्खा लेख काढला. आणि तुम्हाला व्हॉट्सॲप केलं: "मावशी, जागेअभावी या वर्षी घेता येत नाही. क्षमस्व."

क्षमस्व! शनिवारी ज्यांच्या घरी चकल्या खायच्या, त्यांना क्षमस्व.

तुमचा निरोप आला, बोललेला. शांत, जरा हसरा आवाज. "हरकत नाही रे विवेक. आमच्याकडेही कागदाची फार टंचाई असायची."

मी तो एकदाच ऐकला आणि फोन उलटा ठेवला. त्या शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला आहे म्हणून आलो नाही. पुढच्या शनिवारी काहीतरी दुसरं कारण होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला तुम्ही आलात. हॉलमध्ये हीटर नीट चालत नव्हता, तुम्ही कोट घालूनच बसला होतात, मांडीवर नवा अंक. मला हाक मारलीत. "गोष्टीच्या जागी काय घातलंस?"

"रांगोळ्यांचे फोटो."

"छान. अस्वलापेक्षा बरे." मग चष्मा कपाळावर सरकवून, अगदी मिस्कीलपणे, "चित्र तरी ठेवलंस का?"

तुम्हाला सगळं कळलं होतं. ती वेळ होती, मावशी. शेजारची खुर्ची रिकामी होती, बसून दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हणालो, "आलोच, माईक बघतो," आणि गेलो. माईकला काहीही झालेलं नव्हतं.

नऊ दिवसांनी सकाळी शैलाचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात.

त्यानंतर मी ती नऊ पानं काढून नीट वाचली. घाई न करता. आणि मला कळलं की मी काय काढलं होतं. मी फक्त धोक्याची दोन वाक्यं शोधत वाचलं होतं. खरा लेख त्यांच्या आधी होता. त्या लेखकाला तुम्ही 'नमस्कार' म्हणायला शिकवलं होतं. तो कचेरीत आला की मराठी-हिंदीच्या खोलीत डोकावून, दोन्ही हात जोडून, मोठ्याने नमस्कार करायचा. नाव गेल्यावर एकदा तो आपले कागद परत न्यायला आला. कचेरीच्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये समोरून तुम्ही. त्याने हात जोडले. तुम्ही लिहिलं होतं: "मी भिंतीवरच्या फलकाकडे वळले. फलकावर कँटीनच्या वेळा होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. तो गेल्यावर वळले. पुन्हा तो मला कधी दिसला नाही. आमचं तिथलं राहणं, अण्णांची नोकरी, शैलाची शाळा हे सगळं खरं. पण त्याने हात जोडले होते, हेही खरं."

आणि त्याच्याखाली तमारा नावाच्या तुमच्या संपादकबाईंबद्दल चार ओळी. गोष्ट काढायची ठरली तेव्हा त्यांनी तुम्हाला बाथरूममध्ये नेलं, दोन्ही नळ सोडले आणि कारण सांगितलं. नाव, सही, हुकूम, सगळं. "तिने माझी गोष्ट काढली," तुम्ही लिहिलं होतं, "पण मला खोटं कारण दिलं नाही. खोटं सांगणं तिला सोपं होतं. मी तिला आजही मानते."

हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. चाळीसएक वर्षं तुम्ही तो कॉरिडॉर पोटात वागवलात. अण्णांना सांगितलं नव्हतंत, शैलालाही नव्हतंत; तिने मला तसं सांगितलं. ती कबुली पहिल्यांदा कागदावर उतरवून तुम्ही माझ्या हातात दिलीत, नीट वाच म्हणालात, आणि मी तिच्या जागी रांगोळ्या छापल्या. तमाराबाईंना नळ सोडावे लागत होते. माझ्यावर कोणाचाही पहारा नव्हता, आणि तरी खोटं बोललो तो मी.

आता गंमत ऐका. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. अंक वाटून झाल्यावर जर्सी सिटीच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "विवेक, मानलं तुला यार! अनुक्रमणिकेत मावशींचा लेख, पान सत्तेचाळीस. आणि सत्तेचाळीसवर रांगोळी! लेख काढायला लावला ना कोणीतरी? आणि तू नाव मुद्दाम ठेवलंस. काय सॉलिड केलंस!"

अंक काढून बघितला. खरंच. 'नदीला उठवणारी आजी', तुमचं नाव, ४७. अनुक्रमणिका मी लेख हातात येताच करून ठेवली होती. लेख काढला, ती ओळ काढायची राहिली. आजी पुन्हा एकदा भलत्याच पानावर जाऊन बसली होती, आणि या खेपेला मी बसवली होती. घाईत. विसरून.

आणि मी मित्राला काय म्हणालो असेन? "बघ आता," एवढंच म्हणालो आणि हसलो. दोन दिवस मी तो शूरपणा अंगावर मिरवला. आणखी दोघांचे फोन आले, त्यांनाही नाही म्हटलं नाही. सहा वर्षं, दर शनिवारी मी तुमच्या डोक्यावर तो मुकुट ठेवू पाहत होतो आणि तुम्ही दर वेळी तो काढून बाजूला ठेवत होतात: विसरले म्हटलं ना. मला वाटायचं ही बाई साधी गोष्ट कबूल का करत नाही. मुकुट नाकारायला काय लागतं, ते मला दोन दिवस तो घालून कळलं. कॉरिडॉरमध्ये ज्याच्याकडे पाठ केली, त्याच्या नावावर शाबासकी घ्यायची नाही, एवढं तुम्ही स्वतःशी ठरवलेलं होतं.

गेल्या गुरुवारी शैलाने मला बोलावून तुमच्या उशाशी असलेला अंक दिला. म्हणाली, "आईने यावर काहीतरी खुणा केल्यात. मला नाही कळत त्या, तुला कळतील." पहिल्या चार पानांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका, लाल पेन्सिलने. शोभतं तुम्हाला. आणि अनुक्रमणिकेत तुमच्या लेखाच्या ओळीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हलक्या हाताने दिलेली टिंबं.

राहू द्या.

मी मुद्दाम ठेवलं असं तुम्हाला वाटलं असेल? की तुम्ही जगात एकट्याच अशा होतात ज्यांना बघताक्षणी कळलं असेल की हे विसरलंय बावळट, घाईत होता? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मला दुसरी शक्यताच खरी वाटते, आणि तिनेच जास्त भरून येतं.

काल रविवारी शैलाकडे आम्ही जमलो. तुमचा फोटो, उदबत्ती, तुम्हाला आवडायची तशी लिंबाची फोड घातलेला काळा चहा. मी आदल्या दिवशी मृण्मयीला फोन करून सांगितलं होतं की मी नऊच्या नऊ पानं वाचणार आहे. कोणाचं नाव नाही, कोणी रेकॉर्ड करणार नाही, पण ती आली नाही तरी मला समजेल. ती म्हणाली, "मी येते काका. मागे बसेन." आली. मागे बसली, आणि त्या दोन वाक्यांपाशी मान खाली घालून रडली. मी तुमचं वाक्य न् वाक्य वाचलं. कँटीनच्या वेळांपाशी मी अडलो, तिथे शैलाने कागद घेऊन तो परिच्छेद वाचून दाखवला. आईचा परिच्छेद लेकीने वाचला, आणि वाचून झाल्यावर तिने हात जोडले. कोणाला ते मी विचारलं नाही.

पण वाचायला सुरुवात करायच्या आधी मला एक सांगायचं होतं. उभा राहिलो. जर्सी सिटीचा मित्र मुद्दाम आला होता, तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. स्वयंपाकघर समोरच होतं, आणि त्यातला नळ बंद होता. मी म्हणालो, अनुक्रमणिकेतली ती ओळ मी मुद्दाम ठेवलेली नाही, विसरलो. आणि मावशींचा हा लेख जागेअभावी घेता आला नाही असं मी त्यांना कळवलं होतं.

जागा होती, मावशी.